सूनबाईचं डोकं आणि जवसाचं पाणी

मोठ्याबाईंच्या घरातून केसांचा टोप बाहेर पडायचा तो जिवंत डोक्यावरून उतरूनच. हा त्यांचा नियम. लाकडी डोक्यावर काय, भोपळ्यावर ठेवला तरी टोप बसतो. लाकडाला घाम येत नाही, खाज सुटत नाही आणि तक्रार करायला तोंड नाही. म्हणून टोप तयार झाला की घरातलं एक माणूस तो सकाळी डोक्यावर चढवायचं आणि दिवे लागेपर्यंत उतरवायचं नाही. त्यातच वाकायचं, उठायचं, कामं करायची, भांडण आलं तर भांडूनही घ्यायचं. दिवसभरात हात एकदाही डोक्याकडे गेला नाही तर टोप पास. गेला की उलटा करायचा आणि उसवायचा, मग तो कुणा राणीसाठी का असेना.

घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. खिडकीखाली लांब मेज, मेजावर लाकडी डोक्यांची रांग, भिंतीला लांबीप्रमाणे टांगलेल्या केसांच्या जुड्या. बारीक जाळीची टोपी लाकडी डोक्यावर ताणायची आणि आकडीने एकेक केस तिच्यात गाठवायचा. डोळे फुटायचं काम. टोप घ्यायला येणाऱ्या बहुतेक बायकांचे केस आजारात गेलेले. त्या दारात यायच्या तेव्हा रुमाल बांधून, खाली मान घालून. जाताना मान वर असायची. मोठ्याबाईंची शाळा तिसरीतच सुटली होती, पण या बाबतीत त्यांना कुणी काही शिकवायला जात नसे. गेलंच तर तोंडाच्या पट्ट्याखाली सापडत असे.

पूर्वी ते जिवंत डोकं मोठ्याबाईंचंच होतं. पुढे वय झालं आणि टाळूची कातडी निबर झाली. हे त्यांना कळलं ते एका गिऱ्हाईक बाईने टोप परत आणला तेव्हा. "आत काहीतरी घासतंय हो," बाई म्हणाली. मोठ्याबाईंनी तो अख्खा दिवस घातला होता आणि त्यांना काहीच घासलं नव्हतं. त्या दिवशी त्या ताटावरून तशाच उठल्या. तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली सून भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, मी घालून बघू?" घातला, जरा मान हलवली आणि एका बोटाने जागा दाखवली. "इथं शिवण दोनदा फिरलीय." उसवून बघितलं तर खरंच फिरली होती.

त्या दिवसापासून खिडकीजवळची उंच पाठीची खुर्ची सूनबाईची झाली. मोठ्याबाई तोंडावर कुणाची स्तुती करत नसत, तसं केलं की माणूस सैल पडतो असं त्यांचं म्हणणं. पण सून घरात नसली की शेजारणीला सांगायच्या, "अगं, तिचं डोकं म्हणजे तराजू आहे. केसभर इकडचं तिकडं झालेलं त्याला कळतं."

आणि अशा डोक्याला खाज सुटली.

आधी एक टोप नापास झाला. मोठ्याबाईंनी तो उसवला, आत काही सापडलं नाही. असतं कधीकधी, म्हणून पुन्हा गाठवला. मग दुसरा. मग एका म्हाताऱ्या नटीचा टोप, ज्याच्या गाठी मोठ्याबाईंनी स्वतः मारल्या होत्या, तोही. "कपाळाशी," सून म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "नाही, मागं." आणखी थोड्या वेळाने तिचा हात वर गेला आणि मध्येच थांबून पदराशी चाळा करत खाली आला.

मोठ्याबाईंनी ते बघितलं. त्यांनी टोप तिच्या डोक्यावरून उचलला, उलटा केला आणि उजेडात धरला. आतल्या काळ्या जाळीवर पिठाची चाळण झटकल्यासारखा पांढरा कोंडा पडला होता.

"हे कधीपासून गं?"

"जरासं आहे, आई."

"जरासं म्हणजे? थंडीत उललेल्या टाचेसारखी झालीय कातडी. खाली वाक बघू." त्यांनी भांग पाडून बघितलं. टाळू कोरडी ठक्क, जागोजागी लाल, आणि नखांचे ओरखडे. "आणि तू मला टोप उसवायला लावतेस?"

सून खाली बघत राहिली. "मला वाटलं टोपच टोचतोय. आता कळेनासं झालंय, आई. टोप खाजतोय का मी."

हे ऐकल्यावर मात्र मोठ्याबाईंनी टोप बाजूला ठेवला. चष्मा काढला आणि पुसत राहिल्या.

नेमकी त्याच आठवड्यात दातांची डॉक्टरीण आली. मोठं दुखणं काढून उठलेली, डोक्याला गडद निळा रुमाल, आवाज खणखणीत. दोन आठवड्यांनी सोमवारी ती पुन्हा दवाखाना उघडणार होती. मोठ्याबाईंनी तिला आरशासमोर बसवलं आणि नेहमीसारखं विचारलं, "लांबी किती हवी? भांग कुठल्या बाजूला?"

"भांग कुठंही पाडा," डॉक्टरीण म्हणाली. "माझी अडचण वेगळी आहे. काम करताना माझे दोन्ही हात दुसऱ्याच्या तोंडात असतात. डोक्याला हात लावला की हातमोजे काढा, हात धुवा, दुसरे चढवा. तोवर समोरचा आ वासून बसलेला. आणि खाज दाबून काम केलं तर हात हलतो. दाताच्या मुळाशी हात हलून चालत नाही. एक टोप मी विकत घेतला होता, त्याच्यापायी अर्ध्यातून पेशंट परत पाठवला. तुमच्याकडे म्हणे दिवसभर घालून बघतात. म्हणून आले."

"बरोबर ऐकलंत," मोठ्याबाई ताठ बसून म्हणाल्या. मेजाच्या टोकाला केस विंचरत बसलेल्या सुनेने मान वर केली नाही.

डॉक्टरीण गेल्यावर मोठ्याबाईंनी मुलीला बोलावलं. मुलगी दोन गल्ल्या सोडून राहायची आणि कानाजवळच्या गाठी मारायला रोज यायची. सगळे तिला ताई म्हणायचे. स्वभावाने मोकळी, हसरी, पण डोकं असं की त्यावर मिऱ्या वाटल्या तरी तिला पत्ता लागू नये. तरी मोठ्याबाईंनी परीक्षा घ्यायची ठरवली. एका जुन्या टोपाच्या आत, बरोबर कपाळावर येईल अशी, त्यांनी दोऱ्याची वाटाण्याएवढी गाठ ठेवून दिली. ताईने तो टोप दिवसभर मिरवला, त्यात जेवली, त्यात बाजार करून आली.

"कसा आहे?" संध्याकाळी मोठ्याबाईंनी विचारलं.

"मऊ आहे गं आई. दुपारी डुलकी लागली मला."

टोप काढला तर कपाळावर लालभडक ठसा. सूनबाईला हसू आवरेना, ताईलाही आवरेना. मोठ्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "एकीला सगळंच टोचतं आणि एकीला काहीच टोचत नाही. या दोघींच्यात एक धड डोकं नाही माझ्या घरात."

मग त्या सुनेकडे वळल्या. "हे बघ, गोड बोलणं मला जमत नाही. डॉक्टरणीचा टोप पुढल्या शनिवारी तपासायचा. तोवर तुझं डोकं शांत झालं तर ठीक. नाही झालं तर बाहेरची कुणीतरी बाई बघीन. खुर्ची रिकामी ठेवून धंदा होत नाही."

ताई हसायची थांबली. सूनबाईने हातातली जुडी बांधून खाली ठेवली.

"आई, मला त्या खुर्चीतनं उठवू नका."

"का? सोनं पुरलंय तिच्याखाली?"

"माहेरी आम्ही पाच बहिणी, मी शेवटची. भात वाढू का पोळी एवढंसुद्धा मला कुणी विचारलं नाही. इथं मी त्या खुर्चीत बसून 'नाही' म्हटलं की तुम्ही तुमच्या हातचा टोप उसवता. तुम्ही, आई. दुसऱ्या कुणाचं तुम्ही ऐकता का?"

मोठ्याबाई चष्मा शोधायला लागल्या. चष्मा गळ्यातच लोंबत होता.

खुर्चीचा एक जाच होता तो असा. टोप घालायचा तर डोकं रोज सकाळी साबणाने धुवायचं. तेलाचा थेंबसुद्धा चालायचा नाही, कारण जाळी तेल पिते आणि पिवळी पडते, वास धरते. धुतल्यावर केस राठ होऊ नयेत म्हणून वरून चमकपाणी ओतायचं. चमकपाणी हा मोठ्याबाईंचा शोध. त्यात शिरका, म्हणजे व्हिनेगर, भरपूर लिंबाचा रस आणि तिसरं असं काहीतरी जे त्यांनी पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. मुलीने कधी विचारलंही नव्हतं. कापून आलेले धुळकट, मेलेले केस त्यात बुडवले की आरशासारखे व्हायचे. मग माणसांनीही ते डोक्यावर घ्यायला काय हरकत, म्हणून घरातले सगळे रविवारच्या रविवार घ्यायचे. सून तेवढी रोज घ्यायची.

साहजिकच मोठ्याबाईंनी पहिला उपाय तोच सांगितला. "चमकपाणी सकाळ-संध्याकाळ घे. निम्मं पाणी घालतेस ते घालू नकोस." सुनेने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कानामागची कातडी सोलली होती.

तोवर खाजणाऱ्या डोक्याची बातमी गल्लीभर झाली होती. जो तो वैद्य. दूधवाली म्हणाली दही थाप. समोरची म्हणाली अंडं फोड. सूनबाईचा नवरा म्हणाला, त्याच्या कामावरचा एक जण केळं कुस्करून लावतो, वरून मध.

"डोकं आहे का न्याहारीची ताटली?" मोठ्याबाई म्हणाल्या. "आणि अंड्याच्या वासाचा टोप मी कुणाच्या डोक्यावर ठेवू?"

"पण सगळं नैसर्गिक आहे, आई," मुलगा म्हणाला.

त्यावर सूनबाई पहिल्यांदा बोलली. "खाजकुइलीपण नैसर्गिकच आहे. झाडालाच येते."

मोठ्याबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. हे वाक्य त्यांना आवडलं होतं. आपल्या तोंडात शोभलं असतं, असं त्यांना वाटलं.

सूनबाईने मग स्वतःच निवड करायला घेतली. आणि तिची ती निवडायची रीत बघून मोठ्याबाई मनातल्या मनात गार झाल्या. तिने आधी नाही कशाला म्हणायचं ते ठरवलं. तेल नाही, जाळी खराब होते. दही, अंडं नाही, वास राहतो. मध नाही, चिकटतो. केळ्याचे कण केसात अडकतात, ते काढायला पुन्हा ओरबाडायचं. उरली दोन. अंगणातली कोरफड आणि जवस उकळून निघतो तो बुळबुळीत रस. दोन्ही तिने आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ठेवली. कातडी लाल झाली नाही, तेव्हा डोक्याकडे वळली.

आणि डोक्यावर तिने टोपाचीच पद्धत वापरली. कारखान्यात एका टोपावर दोघी-तिघींचे हात पडायचे. कुणाची गाठ कुठली ते कळावं म्हणून जाळीचे चार भाग करून प्रत्येकाला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण करायची. सूनबाईने आपल्या डोक्याचे तसेच चार वाफे पाडले. चार छोट्या वेण्या, चार रंगांचे दोरे. धुवायचं सगळं सारखंच, सौम्य साबणाने. नंतर मात्र प्रत्येक वाफ्याला वेगळं काहीतरी. कुठल्याला काय, ते तिने कुणालाही सांगितलं नाही.

"हा काय नकाशा?" नवऱ्याने विचारलं.

"जेव गुपचूप," मोठ्याबाई म्हणाल्या, आणि मग सुनेला, हळू आवाजात, "मलाही नाही सांगणार?"

"तुम्हालाच नाही सांगणार. चार दिवसांनी बघायचं तुम्हालाच आहे. कळलं तर तुम्ही रागालोभाने बघाल."

सासूला असं तोंडावर सांगायचं म्हणजे छाती लागते. मोठ्याबाईंनी डोळे वटारले, पण ते सवयीने. कुणी आपल्या डोळ्यांवर एवढा भरवसा टाकतं आणि आपल्या स्वभावावर टाकत नाही, यात त्यांना काही चूक दिसेना.

शुक्रवारी दुपारी ऊन मेजावर आलं तेव्हा त्यांनी सुनेला खुर्चीत बसवलं, गाठी तपासायचं भिंग घेतलं आणि चष्म्यावरून ते धरून एकेक वेणी सोडली. ताई हातातली आकडी ठेवून बघत होती.

"हिरवा," मोठ्याबाई म्हणाल्या. "बरा आहे. लाली कमी. पण कातडी ताणल्यासारखी दिसते, वाळल्यावर तडतडत असेल."

"तडतडतंय," सून म्हणाली.

"निळा. इथं ना चांगलं ना वाईट. कोंडा आहे, पण नवीन ओरखडा नाही." पुढे सरकल्या. लाल दोऱ्याशी त्या बराच वेळ थांबल्या, बोटाने हलकेच दाबून बघितलं. "हे काय लावलंस गं? इथं कातडी कातडीसारखी आहे. मऊ. पापुद्रा नाही, काही नाही. बाळाच्या टाळूसारखी."

मग पांढरा दोरा. भिंग जवळ नेलं आणि मोठ्याबाईंनी झटक्याने मागे घेतलं. "आणि इथं काय ओतलंस? फरशी पुसायचं? अगं, भाजल्यासारखं झालंय. हे ज्याने सांगितलं त्याला आधी उन्हात उभं कर."

ताईने एकदा वहिनीकडे, एकदा आईकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं तशी ती उगाचच जुड्या मोजायला लागली.

"बोल की. काय आहे ते?"

"चमकपाणी आहे, आई."

मोठ्याबाईंनी भिंग मेजावर ठेवलं.

"आणि निळ्यात?" त्यांनी विचारलं.

"नुसतं पाणी."

"म्हणजे माझ्या पाण्यापेक्षा नळाचं पाणी बरं."

"कातडीला," सून म्हणाली. "केसाला नाही. पांढऱ्या वेणीचे केस बघा आणि बाकीचे बघा. चमक कुठं आहे?"

मोठ्याबाईंनी नको नको म्हणत बघितलं. पांढऱ्या दोऱ्यातले केस खरंच सगळ्यांत तकतकीत होते, उन्हात काळ्या रेशमासारखे.

"तुम्ही ते कापलेल्या केसांसाठी केलंत, आई, आणि त्याच्यासाठी त्याला तोड नाही. पण कापलेल्या केसाखाली कातडी नसते. मेलेल्या केसाला आंबट सोसतं. मला रोजच्या रोज सोसलं नाही, एवढंच. तुम्ही सगळे रविवारी घेता म्हणून कुणाला कळलं नाही."

तिचा आवाज सरळ होता. टोमणा नव्हता, भीतीही नव्हती. खुर्चीत बसून 'कपाळाशी' किंवा 'कानामागं' म्हणते तसंच तिने हे सांगितलं होतं. मोठ्याबाईंना चटकन वाटलं, ही मला उसवतेय, आणि त्याचं आपल्याला वाईट वाटत नाहीये. वर्षानुवर्षं या घरात केस कळणारं एकच माणूस होतं. आता दोन झाली होती, आणि दुसरीला केसाखालचंही कळत होतं.

"मग हिरवी कोरफड, आणि लाल म्हणजे जवस?" त्यांनी विचारलं.

"जवस. मूठभर घेऊन उकळायचा, अंड्याच्या पांढऱ्यासारख्या तारा सुटल्या की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळायचा. गार झाला की गळत नाही. मग पाणी घालून पातळ करायचा. डोकं धुतलं की ओल्या टाळूला लावायचा, कपडे पिळून होईस्तोवर ठेवायचा आणि कोमट पाण्याने काढायचा. दाट लावला तर वाळून खळ घातल्यासारखा कडक होतो, मग तोच टोचतो."

"आणि जाळीला?"

"जुन्या जाळीच्या तुकड्यावर घासून बघितलंय. डाग नाही, वास नाही."

मोठ्याबाई उठल्या, चारही दोरे आपल्या हाताने सोडले आणि म्हणाल्या, "मग सगळ्या डोक्याला लाव की. बघत काय बसलीस?"

शनिवारी सकाळी डॉक्टरणीचा टोप सूनबाईच्या डोक्यावर चढला. पांढऱ्या दोऱ्याखालची जागा अजून हुळहुळी होती, तिच्यावर तिने मऊ सुती कापडाचा तुकडा ठेवला. बाकीचं डोकं शांत होतं. तरी घरातलं कुणी तिच्याकडे बघायचं सोडेना. नवरा कामावर जाताना दोनदा परत आला. मोठ्याबाई आकडी चालवत होत्या, पण गाठीपेक्षा त्यांचं लक्ष सुनेच्या हातांवर. हात भाजी निवडत होते, पाणी भरत होते, कपडे वाळत घालत होते. वर जात नव्हते.

दुपार कलली. सून खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, "आई, एक आहे."

ताईने कपाळावर हात मारला. "झालं. पुन्हा सुरू."

"डाव्या कानामागं," सून म्हणाली. "खाज नाही. टोचतंय. आता मला दोन्हीतला फरक कळतोय."

मोठ्याबाईंनी टोप उतरवून घेतला, उलटा केला, भिंगाखाली धरला. डावा कान. त्यांनी एकेक ओळ बघितली. मग दुसऱ्या बाजूने बघितली. सगळ्या गाठी एकसारख्या, सगळी टोकं बाहेर.

"काही दिसत नाही गं मला."

"आहे, आई."

ताई हळूच म्हणाली, "आई, सोमवारी न्यायचाय तो. तो भाग उसवायचा म्हणजे उद्याचा अख्खा दिवस जाईल. वहिनीचं डोकं अजून पुरतं बरं झालेलं नाही, तीच म्हणतेय."

एकीकडे मोठ्याबाईंचे स्वतःचे डोळे होते, ज्यांनी कधी दगा दिला नव्हता. दुसरीकडे कालपर्यंत सगळ्याच टोपांना नाही म्हणणारं डोकं. सूनबाई काही पटवायला गेली नाही. हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि ती खुर्ची आपली राहते का जाते एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

मोठ्याबाईंनी कापसाचा बोळा घेतला, पिंजून पिंजून जाळ्यासारखा विरळ केला आणि टोपाच्या आतून, डाव्या कानामागून, फुंकर घातल्यासारखा अलगद फिरवला. पुढे नेला, मागे आणला. मागे येताना कापसाचा एक धागा जाळीत अडकून राहिला. तिथं त्यांनी भिंग धरलं. गाठीत मोडलेला एक केस, पापणीच्या केसाहून आखूड, जाळीच्याच रंगाचा, टोक बरोबर आत. समोरून बघितलं तर दिसायचाच नाही.

त्यांनी तो कापसाचा धागा ताईला दाखवला.

"कानामागं म्हणजे..." ताई म्हणाली.

"कानाजवळच्या गाठी कोण मारतं या घरात?"

"मीच की," ताई म्हणाली, आणि मग तिलाच हसू फुटलं. "दे इकडं. रविवार माझा गेला."

"तुझा नाही, आपला गेला," मोठ्याबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळून, आणि हे त्यांनी तोंडावर, ताईच्या देखत सांगितलं, "माझ्या डोळ्यांना जे दिसलं नाही ते तुझ्या डोक्याने दाखवलं. बाहेरची बाई राहू दे. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं मला चालायचं नाही."

सूनबाईने मान डोलवली. मग आकडी उचलून ताईपुढे धरली.

सोमवारी सकाळी दातांची डॉक्टरीण आली. टोप घातला, आरशात बघितलं, पण आरशाशी थांबली नाही. खुर्चीत बसली, कुणाच्या तरी तोंडावर वाकल्यासारखी पुढे वाकली आणि दोन्ही हात हवेत धरून, बोटं बारीक बारीक हलवत राहिली. ताईला ते बघून हसू येत होतं, मोठ्याबाईंनी तिला कोपर मारलं. डॉक्टरीण बराच वेळ तशीच वाकलेली होती. हात स्थिर होते.

"विसरले मी," ती शेवटी म्हणाली. "डोक्यावर काही आहे हेच विसरले. कोणी घालून बघितला हा?"

"माझ्या सुनेने," मोठ्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरणीने टोप काढला. खाली नवी लव फुटत होती, आणि तिच्या मुळाशी कातडी कोरडी, भुरकट. "माझ्या टाळूला खाज येते हो. रुमालातसुद्धा. तुम्ही काय लावता?" तिने विचारलं ते मोठ्याबाईंकडे बघून.

चमकपाण्याची बाटली मेजावरच होती. मोठ्याबाईंचा हात सवयीने तिच्याकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेवर त्यांनी तो मागे घेतला. "ते तिला विचारा," त्या म्हणाल्या. "केसांचं मला विचारा, कातडीचं तिला."

सूनबाई पुढे झाली. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, तुमचं दुखणं मोठं होतं, असं तिने बजावलं. मग कोपरावर लावून बघायचं, मग डोक्याच्या एका कोपऱ्यात, आणि आग झाली तर लगेच धुवायचं. ती सांगत होती आणि शिकलेली बाई मान हलवत नीट ऐकत होती. सांगता सांगता सूनबाई त्याच खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली होती, घरच्या माणसासारखी.

"थोडं करून देता का? नेते बरोबर."

"मी करते," मोठ्याबाई म्हणाल्या आणि कुणी अडवायच्या आत स्वयंपाकघरात गेल्या. जवस निवडला, उकळला, तारा सुटू दिल्या, गरम गरम फडक्यातून पिळला. हात भाजले तरी हूं नाही की चूं नाही. बाटलीत भरून, बाटली पुसून त्या बाहेर आल्या आणि ती डॉक्टरणीसमोर ठेवली, आपणच जन्मभर हे करत आलो आहोत अशा थाटात.

सूनबाईने बाटली उचलली, उजेडात तिरपी करून बघितली.

"आई, दाट झालंय."

ताईने हातातली आकडी खाली ठेवली. मोठ्याबाईंच्या हातच्या गोष्टीला कुणी असं म्हटलेलं या घरातल्या भिंतींनीही ऐकलं नव्हतं, आणि आता सून खुर्चीत बसलेलीसुद्धा नव्हती.

मोठ्याबाईंनी बाटली घेतली, आत गेल्या आणि तिच्यात पाणी घातलं.